लाल दोऱ्याचा कालथा

कालथा खिळ्याला नव्हता. एवढीच गोष्ट. दुपारचा वर्ग उरकून मी वर आले, चहा टाकायला मजल्याच्या स्वयंपाकघरात शिरले आणि भिंतीकडे बघितलं तर खिळा मोकळा. तो लाकडी कालथा, एका कडेनं करपलेला, दांड्याला मी लाल दोरा बांधलेला. दोरा एवढ्यासाठी की त्यानं कुणी काही परतायला घेऊ नये. तो परतायचा कालथा नव्हताच, बोलायचा होता. गोल करून बसायचं, कालथा हातोहात फिरवायचा, ज्याच्या हातात कालथा त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. वसतिगृहात मजल्याची ताई म्हणून मला नेमलं तेव्हा प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. तिथं ते नुसतं 'एखादी वस्तू' म्हणाले होते, माझ्या हाताशी कालथा आला. आधी मुली फिदीफिदी हसल्या. नंतर हसायलासुद्धा येईनाशा झाल्या. तेव्हा कालथा जागेवर नाही म्हटल्यावर मला वाटलं, घेतला कुणीतरी परतायला, झालं कल्याण. तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून आवाज आला. एकच आवाज, आणि भोवती शांतता. ऐकणाऱ्या माणसांची शांतता वेगळी असते, ती भिंतीपलीकडूनही कळते. मी दारात जाऊन उभी राहिले. अख्खा मजला गोल करून खाली बसला होता. न बोलावता. मी बिस्किटांचं आमिष न दाखवता. आणि माझा लाल दोऱ्याचा कालथा हातोहात फिरत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाढव मी, दुसरं काय. पण वर्ष सुरू झाल्यापासून मी किती डोकं आपटलं होतं! प्रत्येक दारावर रंगीत कागदाचं घर कापून लावलं, त्यावर जिचं तिचं नाव. संध्याकाळी दिवे लागले की तासभर सगळ्यांनी दारं उघडी ठेवायची अशी पद्धत पाडली, म्हणजे जाता-येता नजरानजर तरी होईल. पडद्यावर सिनेमा लावला तर तिघी आल्या, त्यातल्या दोघी फोनला चार्जिंग लावायला. आपापल्या खोलीत कानांत बोंडं घालून पडलेल्या या पोरी, शेजारची तापानं फणफणली तरी हिला पत्ता नाही. आमच्या वॉर्डनबाई दर बैठकीत मला विचारायच्या, "आपलेपणा कुठपर्यंत आला?" जसा काही आपलेपणा नळाला यायचा होता. आणि आज तो आला होता, पुरासारखा आला होता. कायद्याचं शिकणारी, जिनं आजवर मला कधी धड 'हो' म्हटलं नव्हतं, तीच मधोमध बसून सगळं चालवत होती. नर्सिंगवाली बाजूला, गुडघ्यावर हनुवटी टेकून. कायदेवालीनं मला बघितलं आणि हसून म्हणाली, "ये ना ताई, बस. तुझी वेळ आली की कालथा येईल तुझ्याकडे." मी बसलेसुद्धा. चप्पल बाहेर काढून, देवळात बसावं तशी बसले.

मग ऐकायला लागले. "मला असं वाटतं," एक म्हणाली, "की माझ्या शांततेचा आदर होत नाही." कालथा पुढे. "मला असं वाटतं की या मजल्यावर मी मोकळी राहू शकत नाही." कालथा पुढे. "मला संध्याकाळी छातीत धडधडतं." सगळ्या माना हलल्या. एकीनं दुसरीचा हात धरला. कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं, कुणी 'ती' असंसुद्धा म्हणत नव्हतं, कारण मीच शिकवलं होतं ना, बोट दाखवायचं नाही, आपलं दुखणं सांगायचं. 'तू अशी' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' म्हणायचं. काय गोड शिकल्या होत्या पोरी! शिकवलेलं इतकं कुणी मनावर घेतं का? मी गोलावरून नजर फिरवली आणि हे बोलणं कुणाविषयी चाललंय ते मला एका क्षणात कळलं, कारण गोलात नसलेली एकटी तीच होती. जिन्याकडच्या शेवटच्या खोलीतली. जिला सगळ्या मागून 'भोंगा' म्हणायच्या.

भोंगा का, तर ती फोनवर मोठ्यानं बोलायची. आमच्या मजल्यावर खोल्यांत रेंज येत नाही, ती येते फक्त मधल्या मार्गिकेच्या टोकाच्या खिडकीशी. दिवेलागणीच्या सुमारास तिच्या वडिलांचा फोन यायचा. घरी दुसरं कुणी नाही, आई लहानपणीच गेलेली. वडिलांचा जन्म कारखान्यात यंत्रांपाशी गेला आणि यंत्रांनी कान नेले. ते ऐकू येण्याचं यंत्र म्हणे त्यांना टोचतं, म्हणून डबीत घालून ठेवतात. मग ही खिडकीत उभी राहून ओरडायची, "बाबा, जेवलात का? जे-व-लात का? आमटी नाही हो, जेवलात का!" दारं उघडी ठेवायचा माझा तास नेमका तोच. सगळ्या मजल्याला तिच्या बापाचं जेवण, खोकला, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, हरवलेली किल्ली, सगळं पाठ झालं होतं. पोरी तिची नक्कल करायच्या. एकीनं आंघोळीच्या खोलीतून 'जे-व-लात का' अशी आरोळी ठोकली की दुसरी जिन्यातून साद द्यायची, आणि मग हशा. विचार केला तर ते पहिलंच हसणं, जे या मजल्यावर सगळ्यांनी मिळून हसलं. मी सिनेमे लावत बसले होते, आणि या पोरी एकत्र येत होत्या त्या तिच्यावर.

"मला असं वाटतं," कायदेवाली समारोपाला आली, "की समोरच्या जुन्या इमारतीत रिकाम्या खोल्या आहेत. तिथं एखाद्या व्यक्तीला जास्त मोकळं वाटेल. म्हणजे त्या व्यक्तीच्याच दृष्टीनं म्हणतेय मी." त्या व्यक्तीच्या दृष्टीनं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार इतक्यात जिन्यात पायांचा धाडधाड आवाज झाला आणि ती व्यक्ती दारात उभी. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम, चेहरा फुललेला. "अगं बाई! सगळ्या बसल्यात? मला कुणी सांगितलंच नाही!" तिचा साधा आवाजही जरा वरच्याच पट्टीतला, घरी तीच सवय. गोलातल्या सगळ्या एकदम चपापल्या. कालथा कुणाच्या तरी मांडीखाली गेला. "काही नाही गं, असंच," एक म्हणाली. "थांबा, मग मी चहा टाकते सगळ्यांना," ती म्हणाली आणि पिशवी दारातच टाकून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. भांड्यांचा आवाज आला. मग तिथूनच हाक आली, "साखर कुणाला कमी?"

ही हाक मी आधी ऐकली होती. अगदी हीच, भिंतीपलीकडून, याच वरच्या पट्टीत. मी तेव्हा फ्रॉक घालत होते. आमच्या घरी आत्या असायची. नवऱ्याकडून परत आलेली, का ते मला कधी कुणी सांगितलं नाही, मी विचारलं की हातात खाऊ ठेवायचे. आत्या मोठ्यानं हसायची. कुणी मेल्याची बातमी आणली तरी तिला हसू यायचं, मग तोंडावर पदर दाबायची, पदरातूनही हसू बाहेर यायचं. पाहुण्यांना म्हणायची, "तुमचे दात नवे का हो?" खिडकीतून रस्त्यापलीकडच्या बाईशी गप्पा मारायची, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा. मला फार आवडायची. तिच्या कुशीत झोपलं की तिच्या पोटात हसू गुडगुडताना ऐकू यायचं. आणि एका दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. काका आले, ज्यांचं बाबांशी बोलणं बंद होतं. काकू आली, जिचं नाव काढलं की आई नाक मुरडायची. सगळे किती प्रेमानं बोलत होते! काकूनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा काकांना 'दादा' म्हणाले, कितीतरी दिवसांनी. लांबच्या एका मावसबहिणीकडे आत्याची सोय लावायची ठरत होती. तिच्याच भल्यासाठी. तिथं हवा चांगली. इथं तिची कुचंबणा होते, असं आई म्हणाली आणि तिनं डोळे टिपले. आणि आत आत्या चहा करत होती. आतून ओरडली, "साखर कुणाला कमी?" आणि काकांनी, आवाजात जराही फरक न पडू देता, सांगितलं, "मला बेताची घाल गं." आमचं कुटुंब त्या दुपारइतकं एक मी आधी कधी बघितलं नाही आणि नंतरही नाही. आत्याचा पलंग होता तिथं पुढे शिवणाचं मशीन आलं. मला तिथंच बसून अभ्यास करायला सांगायचे, उजेड चांगला येतो म्हणून.

"मला बेताची," कायदेवाली बसल्या जागेवरून म्हणाली. आणि चहा आला, आणि सगळ्यांनी घेतला. फुंकर मारून, मिटक्या मारत. भोंग्यानं माझ्यापुढे कप धरला, "ताई, तुला आल्याचा आवडतो ना?" माझ्या हाताला तो कप भाजला. मला वाटलं, उठावं आणि एकेकीच्या पुढ्यातला कप उलथा करावा. पण मी ताई ना! ताईनं आवाज चढवायचा नसतो, ताईनं 'मला असं वाटतं' म्हणायचं असतं. मी गिळला तो चहा. चांगला झाला होता, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डनबाईंनी बोलावलं. त्यांच्या खोलीत कुंड्याच कुंड्या, मधे त्या. चेहऱ्यावर असा आनंद की जणू घरी नात झालीय. "अगं, तुझ्या मजल्यावरच्या सगळ्या मुली मिळून आल्या होत्या माझ्याकडे! सगळ्या! मी इतकी वर्षं हे बघतेय, असा एकजीव झालेला मजला माझ्या पाहण्यात नाही. आणि भाषा किती सुसंस्कृत! आरडाओरड नाही, तक्रार नाही. तू शिकवलंस हे."

"बाई, त्या एका मुलीला हाकलायला निघाल्यात."

"हाकलायला काय गं? किती टोकाचे शब्द वापरतेस. बदलीच तर आहे, समोरच्या इमारतीत. चार पावलांवर."

"त्या इमारतीत अर्धी दारं कुलूपबंद आहेत. तिथं ती कुणाशी बोलेल?"

"तिला फोन आहे ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते विनोदी वाटलं म्हणून हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघ, ज्या त्या मजल्याच्या ताईनं हो म्हटल्याशिवाय मी खोली बदलत नाही, तो माझा नियम आहे. तू फक्त हो म्हण."

"मी नाही म्हणते."

बाईंनी कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. "एकीसाठी सगळ्यांना दुखवणार?" मी म्हणाले, फोनच्या वेळी दारं लावा, नाहीतर खिडकीजवळच्या खोलीतली आणि ती खोल्या बदलू देत, ती दार लावून घेऊन बोलेल, नाहीतर तिच्या खोलीपर्यंत रेंज आणा, एक यंत्र बसवलं की येते. मी बरंच काही म्हणाले. माझा आवाज चढत गेला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "बघ, तूही किती मोठ्यानं बोलतेस. असं कर, तिला घेऊनच गोल करा. प्रेमानं बोला. ती स्वतःच जाते म्हणाली तर तुझा प्रश्नच मिटला." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी जिना उतरताना कठड्यावर मूठ आपटली आणि नखं तळव्यात रुतली.

संध्याकाळी गोल झाला. मी तिला आधी गाठून सांगितलं होतं, काय चाललंय ते. वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "ताई, मला माहितीये गं. भोंगा म्हणतात ना? मला ऐकू येतं. कान बाबांचे गेलेत, माझे नाही." आणि हसली. "बसते ना मी. ऐकते काय म्हणतात." मी तिला शेजारी बसवलं. कालथा फिरायला लागला. मला असं वाटतं. मला असं वाटतं. आता समोर ती होती म्हणून शब्द आणखीच मऊ झाले. कुणी म्हणालं, तू खूप छान मुलगी आहेस. कुणी म्हणालं, आम्ही तुला भेटायला येऊच ना. नर्सिंगवालीच्या हातात कालथा आला तेव्हा मी तिच्याकडे बघत राहिले. हिच्याच तापात भोंग्यानं बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, मला माहीत होतं. बोल ना, भवाने, मी मनातल्या मनात म्हणाले, एकदा तोंड उघड. नर्सिंगवालीनं लाल दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला काही नाही," म्हणाली आणि कालथा पुढे सरकवला.

तो भोंग्याकडे आला. तिनं दोन्ही हातांत धरला. बोलायला तोंड उघडलं आणि तिचा फोन वाजला. दिवेलागणी झाली होती. ती बैठकीची खोली खिडकीला लागून, तिथं थोडीफार रेंज यायची. फोन वाजत राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. "घे," मी म्हणाले. तिनं घेतला, आणि कधी नाही ते कुजबुजली. "बाबा, नंतर करते." पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "काय? ऐकू येत नाही बाळा." ती आणखी पुटपुटली, "नंतर, बाबा, नंतर करते." मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. "अगं मोठ्यानं बोल! बरं नाही का तुला? आवाज का बसलाय?" तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. या पोरीचा आवाज आम्ही काढून घेतला होता. माझ्यात काहीतरी तुटलं. मी तिच्या हातातून फोन हिसकावला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "काका! ती बरी आहे! मी तिच्या मजल्यावरची ताई बोलतेय!"

"ताई, कालथा तुझ्याकडे नाहीये," कायदेवाली म्हणाली.

"घाल तो कालथा चुलीत!" मी ओरडले, आणि म्हाताऱ्याला वाटलं त्यालाच. "काय चुलीत?" "काही नाही काका! तुम्ही बोला!" तो खुश झाला. त्याला ऐकू येत होतं. म्हणाला, "ताई का! पोर नेहमी सांगते तुमच्याविषयी. सगळ्या पोरी चांगल्या आहेत म्हणते. सगळ्या बऱ्या आहेत ना?" मी त्या गोलाकडे बघितलं. एकेकीच्या तोंडाकडे. "हो काका! सगळ्या इथंच आहेत! तिच्याभोवती गोल करून बसल्यात!" "वा, वा," म्हातारा म्हणाला, "त्यांना सांगा, पोर मोठ्यानं बोलते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्यामुळं सवय लागली तिला." मी म्हणाले, "परत सांगा काका! इथं कुणाला ऐकू नाही आलं! मोठ्यानं सांगा!" आणि फोन गोलाच्या मधोमध धरला. मला त्यांना ते ऐकवायचं होतं, पुन्हा पुन्हा, त्यांचे कान फाटेपर्यंत.

पण तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल असं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच राग होता, आणि तो माझ्यावर होता. "माझ्या बाबांना यात घेऊ नकोस," ती हळू आवाजात म्हणाली, अगदी मला एकटीला ऐकू येईल अशा. मग फोन कानाला लावला आणि तिचा खरा आवाज लागला, खणखणीत. "बाबा! मी खोली बदलतेय! समोरच्या इमारतीत! काही नाही हो झालं! तिथं आवाज चांगला येतो! हो! हो! जेवलात का?" तिनं फोन खाली ठेवला, कालथा माझ्या मांडीवर ठेवला आणि सामान बांधायला गेली. मग कायदेवालीनं श्वास सोडला आणि म्हणाली, "छान झालं ना, तिनं स्वतःच ठरवलं." दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. गोलाच्या शेवटी टाळ्या वाजवायच्या, हीही मीच लावलेली पद्धत.

तिची ट्रंक मी आणि ती मिळून खाली नेली. नर्सिंगवाली गादी घेऊन मागून आली, काही न बोलता, आणि मी तिला परत जा म्हणाले नाही. जुन्या इमारतीच्या दाराशी भोंगा म्हणाली, "ताई, तू चिडू नकोस गं माझ्यासाठी." मी म्हणाले, "तुझ्यासाठी नाही चिडले. मला माझ्यासाठी चिडायचंय." तिला ते पटलं की नाही कोण जाणे. परत वर आले तर सगळी दारं उघडी. माझा दारांचा तास अजून सरला नव्हता. मार्गिकेभर उजेड सांडलेला, खोल्याखोल्यांतून एकमेकींच्या गाद्यांवर बसून पोरी हसत होत्या, एकमेकींचे केस विंचरत होत्या. एकजीव मजला. शेवटच्या दारावर तिचं कागदाचं घर तसंच होतं. एकीनं मला हाक मारली, "ताई, ये ना, बस आमच्यात!" मी थांबले नाही. सरळ चालत टोकाच्या खिडकीशी गेले, भोंगा उभी राहायची तिथंच उभी राहिले, आणि माझ्या फोनमध्ये असलेला, पण मी कधीच न लावलेला एक नंबर लावला.

बराच वेळ वाजला. मग उचलला. "हॅलो? कोण?" तोच आवाज. घासलेला, पण तोच. मी नाव सांगितलं. मग आत्या म्हणाली, "कोण गेलं गं?"

आमच्या घरून तिला फोन जायचा तो कुणी मेल्यावरच. "कुणी नाही, आत्या," मी म्हणाले. "काय? मोठ्यानं बोल, इथं ऐकू येत नाही मला." मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं आणि छातीत हवा भरून घेतली. "कुणी नाही गेलं, आत्या!" माझ्या मागे एक दार लागलं. "मग कशाला केलास?" दुसरं लागलं. एकेक करत ती सगळी दारं लागत आली, खाट, खाट, माझ्या पाठीशी येत गेली. उजेडाच्या पट्ट्या जमिनीवरून निघून गेल्या. मी वळून बघितलं नाही. आत्याच्या पोटात हसू गुडगुडायला लागलेलं मला ऐकू येत होतं.

"जेवलीस का विचारायला केला!" मी ओरडले. "जे-व-लीस का?"